चाकांची ठेवण आणि हाताला लागणारी चाहूल

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उठून शर्यतीच्या मोटारीवर बोलावे, याचे श्रोत्यांना थोडे नवल वाटले असेल. शर्यतीची मोटार ही पैसेवाल्यांची हौस. मुकुंदवाडीच्या नाक्यावर पहाटे पाळीच्या बसची वाट पाहणाऱ्या माणसाला तिच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारले तर ते गैर नाही. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच आम्ही हा विषय घेतला आहे.

आपल्या शहराचे पोट पुष्कळ अंशी चाकावर भरते. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकी व रिक्षा तेथून बाहेर पडू लागल्या. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. गाडीचा धक्का गिळणारे शॉक अब्सॉर्बर बनवणारी एन्ड्युरन्स कंपनी याच गावात वाढली. मुकुंदवाडी तर चिकलठाणा औद्योगिक वसाहतीला खेटूनच आहे. ज्या वस्तूंवर आपल्या लोकांचे हात रोज चालतात, त्या वस्तूंचे शास्त्र आपल्या लोकांना कळू नये, ही आम्हांला कमीपणाची गोष्ट वाटते. आमचे स्वतःचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. हे शास्त्र आम्ही शिकलो ते गॅरेजमधल्या मिस्त्र्यांकडून, चालकांकडून आणि जुन्या बाजारात मिळालेल्या पुस्तकांतून. म्हणून जे सांगू ते साध्या भाषेतच सांगू.

शर्यतीची हलकी मोटार निवडण्याचे कारण असे की तिच्यात लपवाछपवी नसते. मोठ्या मोटारीत जाड रबरी बुश असतात, स्टिअरिंगला मोटरचा हातभार असतो, आवाज अडवणारे पडदे असतात. हलक्या गाडीत यांतले जवळजवळ काहीच नाही. डॉक्टर शिकताना प्रथम हाडांचा सांगाडा पाहतो, तशी ही गाडी मोटारविद्येचा उघडा सांगाडाच होय. इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन नावाची अशी गाडी बाजारात आणली. पाचशे किलोंच्या आसपास वजन आणि नळ्यांचा सांगाडा, एवढाच तिचा संसार. १९७३ पासून तीच गाडी केटरहॅम या नावाने पुढे चालली. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले स्वतः अशा एकआसनी गाड्या बांधून कोइंबतूरजवळच्या कारी धावपट्टीवर ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत उतरवतात. पवईच्या आयआयटीतल्या मुलांनी विजेवर चालणारी गाडी बांधून थेट इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोनला नेली. या पोरांपुढे पहिला प्रश्न येतो तो इंजिनाचा, आणि सर्वांत अवघड प्रश्न येतो तो चाकांच्या ठेवणीचा.

आता मूळ विषयाकडे वळू. गाडी रस्त्याला कशाने धरलेली असते? चार टायरांचे चार ठसे, प्रत्येक ठसा साधारण तळहाताएवढा. वेग, ब्रेक, वळण, सगळे या चार तळहातांवर. हे तळहात रस्त्यावर कसे टेकावेत, हे ठरवणाऱ्या कोनांना आपण ‘अलाइनमेंट’ म्हणतो. त्यांत मुख्य तीन आहेत.

पहिला टो. माणूस उभा राहिला की कोणाच्या पायाची बोटे आत वळलेली असतात, कोणाची बाहेर. पुढची दोन चाके वरून पाहिली असता त्यांची तोंडे किंचित आत असतील तर टो-इन, बाहेर असतील तर टो-आउट. हा फरक मिलिमीटरात मोजतात, म्हणून तो क्षुल्लक वाटतो. हिशेब करून पाहा. सुमारे ३५० मिलिमीटर व्यासाच्या रिमवर दोन्ही चाकांचा मिळून ३ मिलिमीटर टो आहे. म्हणजे एका वाट्याला दीड. दीडला साडेतीनशेने भागून हजार मीटरने गुणले, तर येतात जवळजवळ सव्वाचार मीटर. प्रत्येक चाक किलोमीटरमागे एवढे आडवे खरवडले जाते. नवे टायर काही महिन्यांत कडेने का झिजतात, याचे उत्तर येथे आहे. टो-इनने गाडी सरळ रेषेत शांत राहते. शर्यतीत पुढच्या चाकांना जरासा टो-आउट देतात, कारण मग गाडी वळणात चटकन तोंड घालते. पण सरळ रस्त्यावर ती थोडी चुळबुळी होते. मागच्या चाकांना मात्र थोडा टो-इनच बरा. मागच्या चाकांनी बाहेर तोंड केले की गाडीचे शेपूट केव्हा सुटेल याचा नेम नाही.

दुसरा कोन कॅम्बर. समोरून पाहिले असता चाकाचा माथा आत झुकलेला असेल तर तो उणा कॅम्बर. गाडी वळली की तिचे अंग बाहेर कलते आणि त्याबरोबर बाहेरचे चाकही बाहेर झुकू लागते. टायर मग कडेवर उभे राहते. आधीच चाक आत झुकवून ठेवले, तर ऐन वळणात ते सपाट बसते. म्हणून धावपट्टीवरच्या हलक्या गाडीला दोन-तीन अंश उणा कॅम्बर देतात. रस्त्यावरच्या मोटारीला साधारण शून्य ते एक अंश. दिलेला कोन बरोबर की चूक, हे टायरच सांगते. काही फेऱ्या मारून गाडी आली की टायरच्या आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला सुई टोचून तापमान घेतात. आतली कड फार तापली असेल तर कॅम्बर जास्त झाला. मधला भागच तापला असेल तर हवा जास्त झाली.

तिसरा कोन कॅस्टर, आणि आमच्या आजच्या विषयाचा गाभा येथे आहे. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, तिरपा असतो. त्याची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर टेकते त्या जागेच्या थोडी पुढे पडते. म्हणजे टायर त्या रेषेच्या मागे ओढले जाते. कारखान्यातली माल वाहणारी ट्रॉली आठवा. ढकलू लागताच तिची फिरती चाके आपोआप मागे वळून सरळ चालू लागतात. तेच तत्त्व. या मागे राहण्याला आपण ‘पिछाडी’ म्हणू. मोटारीचे चाक ज्या अक्षावर वळते तोही असाच मागे कललेला असतो. अनेक हलक्या गाड्यांत चार ते सात अंश. या पिछाडीमुळे वळण संपले की स्टिअरिंग आपणहून सरळ होते.

पण पिछाडी एकच नसते, दोन असतात. एक अक्षाच्या कलाची, ती आत्ताच पाहिली. दुसरी टायरची स्वतःची. वळताना टायरचे तोंड एका दिशेला आणि त्याची वाट किंचित दुसऱ्या दिशेला असते. रस्त्यावर टेकणारे रबर पुढच्या कडेने न ताणलेले आत येते आणि मागे सरकता सरकता आडवे ताणले जाते. त्यामुळे रस्त्याला धरून ठेवण्याचा जोर ठशाच्या मधोमध पडत नाही. तो मागच्या भागात पडतो. तो जोर चाकाला सरळ करू पाहतो, आणि तेच ओझे चालकाच्या तळहातावर येते.

आता नीट लक्ष द्यावे. वळण अधिक आवळले, वेग वाढला, की ठशाच्या मागच्या भागातले रबर आधी घसरू लागते. जोराचा मध्य पुढे सरकतो आणि टायरची पिछाडी कमी होते. टायरची एकूण पकड त्या वेळी अजून शिल्लक असते, किंबहुना थोडी वाढतही असते. पण हातावरचे ओझे मात्र उतरू लागते. चढत चाललेले वजन एकाएकी पातळ होते. हीच ती चाहूल. टायर चालकाला सांगत असते, ‘माझे आता थोडेच उरले आहे.’ गाडी सुटण्याआधी मिळणारी ही सूचना अर्ध्या क्षणाची असेल, पण सराईत हाताला तेवढी पुरते.

येथे पुष्कळांचा गैरसमज असतो. स्टिअरिंग जड असले म्हणजे ते चांगले बोलते, असे तरुण मुलांना वाटते. कॅस्टर भरपूर वाढवला की स्टिअरिंग जड होते हे खरे. शिवाय चाक वळवताना बाहेरच्या चाकाला आपोआप उणा कॅम्बर मिळतो, हाही लाभ आहे. परंतु अक्षाची पिछाडी फार मोठी झाली, तर टायरची लहानशी पिछाडी तिच्यात बुडून जाते. मग टायर हात सोडून देत असले तरी स्टिअरिंग जडच राहते. ढोल फार मोठ्याने वाजू लागला की सनई ऐकू येत नाही, तसे हे आहे. उलट कॅस्टर अगदीच कमी ठेवला, तर स्टिअरिंग हलके पण परत न येणारे, मुके होते. जडपणा आणि बोलकेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जडपणा स्नायूंना कळतो. बोलकेपणा म्हणजे बदल कळणे.

हलक्या गाडीत हे जमवणे एका अर्थाने सोपे आणि एका अर्थाने कठीण. पाचशे किलोंची गाडी व सत्तर किलोंचा चालक, मिळून ५७०. त्यांतले ४५ टक्के पुढे धरले, तर पुढच्या एका चाकावर सुमारे १२८ किलो येतात. बाराशे किलोंच्या घरगुती मोटारीत त्याच चालकासह ६० टक्के भार पुढे असेल, तर एका चाकावर सुमारे ३८१. तिपटीचा फरक झाला. म्हणूनच हलक्या गाडीला मोटरच्या मदतीशिवाय हाताने वळवता येते आणि रस्त्याचा निरोप मध्ये कोणी दलाल न येता पोहोचतो. पण निरोपच मुळी बारीक आवाजातला असतो. सांध्यात थोडे जरी घर्षण असले तरी तो तेथेच विरतो.

निरोप खाणारे चोर तीन. पहिला म्हणजे सुटलेला सांधा. बॉल जॉइंट किंवा टाय रॉडच्या टोकाला ढिलाई आली की हात हलतो आणि चाक हलत नाही. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांत स्टिअरिंगची मोकळी हालचाल ७ अंशांपेक्षा जास्त असेल तर गाडी उतरू देत नाहीत, ते उगीच नव्हे. दुसरा चोर म्हणजे आवळलेला, कोरडा सांधा. तो गाडीला सरळ होऊ देत नाही. जेथे ठेवले तेथेच स्टिअरिंग चिकटून बसते. तिसरा चोर जास्त धूर्त आहे. खड्ड्यावर चाक वरखाली होते, तेव्हा त्याला धरणारे हात एका कमानीत फिरतात आणि टाय रॉड दुसऱ्या कमानीत. दोन्ही कमानी जुळल्या नाहीत, तर चाक वर जाताना आपोआप वळते. चालकाने हात हलवलेला नसतो, तरी गाडी वाट बदलते. यावर उपाय म्हणजे स्प्रिंग काढून, जॅकने चाक थोडे थोडे वर उचलत प्रत्येक टप्प्यावर टो मोजायचा आणि मग स्टिअरिंगच्या दांड्याची किंवा टाय रॉडच्या टोकाची उंची पातळ चकत्या घालून साधायची. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला दुसरा पर्याय नाही.

गो-कार्टमध्ये या विद्येची गंमत आणखी दिसते. कोल्हापुरात गो-कार्टच्या राष्ट्रीय शर्यतींच्या फेऱ्या झाल्या आहेत, तेथे अनेकांनी ती पाहिली असेल. कार्टला स्प्रिंग नाही आणि मागची दोन्ही चाके एकाच अखंड धुऱ्यावर. मग ती वळते कशी? स्टिअरिंग फिरवले की कॅस्टरमुळे पुढचे आतले चाक खाली दाबले जाते आणि मागचे आतले चाक जमिनीवरून किंचित उचलले जाते. एक चाक मोकळे झाले की कार्ट वळते. एका कोनाने सगळ्या स्प्रिंगांचे आणि डिफरन्शियलचे काम उरकले!

हे सर्व मोजायला लाखोंचे यंत्र हवे, असे नाही. गवंड्याचा ओळंबा, दोन दोऱ्या, चार स्टँड आणि पोलादी पट्टी एवढ्यावर काम होते. जमीन सपाट घ्यावी. नसेल तर चाकांखाली फरश्यांचे तुकडे घालून ती पाणसळीने साधावी. टायरांत हवा मोजून भरावी. चालकाच्या जागी चालकाच्याच वजनाचा माणूस बसवावा. ५७० किलोंत सत्तर किलो म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा. तो वगळून केलेले माप खोटेच निघते. पुढच्या चाकांखाली ग्रीस लावलेले दोन-दोन पत्रे ठेवावेत, म्हणजे चाके अडून बसत नाहीत. गाडी दाबून, पुढेमागे हलवून स्थिर होऊ द्यावी. मग दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर समांतर दोऱ्या ताणाव्यात आणि दोरीपासून रिमच्या पुढच्या व मागच्या कडेचे अंतर मोजावे. तो टो झाला. माथ्यावरून ओळंबा सोडून रिमच्या वरच्या व खालच्या कडेतला फरक घ्यावा. साडेतीनशे मिलिमीटरच्या रिमवर सुमारे ६ मिलिमीटर म्हणजे एक अंश कॅम्बर. क्रमही सांगून ठेवतो. आधी हवा, मग गाडीची उंची, मग चारी चाकांवरचे वजन, मग कॅस्टर व कॅम्बर, आणि टो सर्वांत शेवटी. कारण कॅम्बर हलवला की टो हलतो. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा.

आणि या वहीत दुसरा रकाना असावा चालकाच्या शब्दांचा. उत्तम मिस्त्री चालक उतरताच घड्याळ दाखवत नाही. आधी विचारतो, ‘हाताला काय लागलं?’ चालक म्हणतो, वळणाच्या तोंडाशी गाडी ऐकत नाही. किंवा मधेच हात रिकामा होतो. किंवा ब्रेक लावला की डावीकडे जाते. या प्रत्येक वाक्याला मापाचे उत्तर आहे. एका बाजूचा कॅस्टर कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. एका बाजूला हवा कमी असेल किंवा ब्रेक चिकटत असेल, तरी ओढते. चालकाचे तळहात हे गाडीवरचे सर्वांत नाजूक मापनयंत्र आहे, ही गोष्ट शर्यतीच्या जगाने केव्हाच मान्य केली आहे.

आमचे दुःख हे की रस्त्यावरच्या जगाने ती मान्य केलेली नाही. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या कामगार-बसवरचा चालक आमच्याकडे आला. त्याचे म्हणणे एवढेच की वळण घेतल्यावर स्टिअरिंग परत येत नाही, मेल्यासारखे पडून राहते. त्याने तीनदा सांगितले होते. प्रत्येक वेळी त्याला उत्तर मिळाले की बस जुनी आहे, हाताला सवय होईल. संघटनेने पत्र दिले तेव्हा कोठे चाक उतरवले गेले, आणि किंगपिन ग्रीसवाचून कोरडी पडून धरून बसलेली निघाली. पिन आणि बुश बदलले, ग्रीस भरले, बस सुधारली. त्या बसमध्ये रोज पाळीची माणसे बसत होती. ती एखाद्या वळणावर उलटली असती, तर कागदावर काय लिहिले गेले असते? ‘चालकाचा निष्काळजीपणा.’ कोरड्या पिनेचे नाव त्या कागदावर आले नसते.

जालना रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाला पुढे एकच चाक आहे. तिला पुढचा टो नाही. पण चिमट्याचा कल तिलाही आहे, बुश तिलाही आहेत, आणि मागची दोन चाके वाकडी झाली तर तीही टायर खाते व एका अंगाला चालते. वाळूजला बनलेली, २०१२ साली प्रथम लोकांपुढे आलेली क्यूट ही २१६ सीसीची चारचाकी चारशे किलोंच्या आसपास भरते. धावपट्टीवरच्या गाडीइतकीच ती हलकी आहे, आणि चालक व प्रवासी बसले की तिचा सारा तोल बदलतो. भूमितीचे नियम शर्यतीसाठी वेगळे आणि पोटासाठी वेगळे असे नसतात. फरक एवढाच की तेथे चालकाचे बोलणे वहीत उतरते आणि येथे ते हवेत विरते.

म्हणून आमची दोन मागणी-वजा विनंत्या आहेत. ज्यांच्या घरी वाहन आहे, मग ती रिक्षा असो की मोटार, त्यांनी टायर झिजण्याची वाट न पाहता, मोठा खड्डा आदळला की, सांधा बदलला की, किंवा हाताला काही वेगळे लागू लागले की माप करून घ्यावे, आणि जुने व नवे माप दोन्ही कागदावर मागून घ्यावे. आणि ज्यांच्या हाताखाली चालक आहेत, मग ते ठेकेदार असोत, शाळा असोत की कारखाने, त्यांनी प्रत्येक गाडीत एक साधी वही ठेवावी. चालकाने पाळी संपताना तिच्यात आपल्या भाषेत दोन ओळी लिहाव्यात, आणि मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी गाडी निघण्यापूर्वी तिच्याखाली उत्तर लिहून सही करावी. वहीला फार पैसे पडत नाहीत. मुकुंदवाडीतल्या ज्या चालकांना अशी वही सुरू करायची असेल, त्यांना तिचे रकाने कसे आखावेत हे दाखवायला आम्ही केव्हाही तयार आहोत.